ससा, पाळीव : खणणे व कुरतडणे

घरात मोकळा ठेवलेला पाळीव ससा जमीन, अंथरूण, चटई इ. पंजांनी उकरतो आणि लाकूड, कागद, कापड, विजेच्या तारा इ. वस्तू कुरतडतो. या दोन्ही क्रियांमुळे घराचे नुकसान होते व सशाच्या जिवालाही धोका संभवतो. तथापि त्या या प्राण्याच्या खोडी नव्हेत. त्याच्या शरीररचनेतून व रानटी पूर्वजांच्या जीवनक्रमातून आलेल्या त्या गरजा आहेत. त्यामुळे त्या पूर्णपणे बंद करता येत नाहीत. मात्र खणण्यास योग्य जागा व कुरतडण्यास योग्य वस्तू पुरवून त्यांपासून होणारे नुकसान बऱ्याच अंशी टाळता येते.

रानससा व पाळीव ससा : मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांना लावला जातो व पाळीव सशाविषयीचे पुष्कळसे गैरसमज त्यातून उद्‌भवतात. वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनज व त्याच्या आसपासच्या भागात कापूस, तूर, सोयाबीन यांच्या शेतांत, धुऱ्यांवर आणि गवताळ पडिकांत जो ससा दिसतो तो भारतीय रानससा होय. मानेवरील काळसर पट्ट्यामुळे तो ओळखता येतो. त्याचे शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस असे आहे. हा ससा बीळ खणत नाही. गवतात किंवा झुडपाच्या बुडाशी शरीराच्या आकाराची उथळ जागा दाबून तो दिवसभर तीत दडून राहतो आणि संकट आल्यास वेगाने पळून जीव वाचवतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ असून त्यांचे डोळे उघडे असतात. संस्कृतातील ‘शश’ व पंचतंत्रातील चतुर ससा हा हाच प्राणी.

पिंजऱ्यात वा घरात पाळला जाणारा पांढरा, करडा किंवा ठिपकेदार ससा हा यूरोपीय सशाचा वंशज आहे. त्याचे शास्त्रीय नाव ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस असे असून त्याचे मूलस्थान आयबेरियन द्वीपकल्प व दक्षिण फ्रान्स हे आहे. दोन्ही प्राणी लॅगोमॉर्फा गणातील लेपोरिडी कुलात मोडतात. परंतु त्यांच्या प्रजाती वेगळ्या असून त्यांचा परस्परांत संकर होत नाही. यूरोपीय ससा समूहाने बिळांत राहतो आणि त्याची पिल्ले जन्मतः आंधळी व केशहीन असतात. ज्यांना शेतातील सशाची माहिती असते, त्यांना ससा झुडपाखाली निमूट बसणारा प्राणी वाटतो. त्यामुळे घरात आणलेला ससा चुलीजवळची सारवलेली जमीन उकरू लागला म्हणजे तो बिघडला, असा समज होतो. वस्तुतः तो आपल्या जातीस अनुसरूनच वागत असतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानसशाला संरक्षण असून त्याला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. शेतात सापडलेले त्याचे पिल्लू बहुधा अनाथ नसते. आई त्याला पाजण्यासाठी थोडाच वेळ येते. म्हणून ते जागच्या जागी राहू देणे योग्य ठरते.

खणण्याची प्रवृत्ती : रानटी यूरोपीय सशांच्या वसाहतीत अनेक तोंडे असलेली, एकमेकांस जोडलेली बिळे असतात. आर. एम. लॉकली यांनी वेल्समध्ये केलेल्या निरीक्षणांवर आधारलेला ग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यामुळे सशांच्या या सामाजिक जीवनाची माहिती सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली. ऑस्ट्रेलियात रोमन मिकिटोविच यांनी हनुवटीखालील गंधग्रंथींचा अभ्यास करून ससे आपल्या क्षेत्राच्या खुणा कशा करतात हे दाखविले. घरातील ससा टेबलाच्या पायाला किंवा दाराच्या चौकटीला हनुवटी घासतो ती याच कारणाने. उकरणे व कुरतडणे यांतही काही प्रमाणात क्षेत्रावरील हक्काचा भाग असतो.

खणण्याचे काम मुख्यतः मादी करते. विण्याच्या सुमारास ती स्वतंत्र आखूड बीळ खणते, त्यात गवत नेते आणि आपल्या अंगावरचे केस उपटून पिल्लांसाठी मऊ थर तयार करते. गर्भावधी ३० ते ३२ दिवसांचा असतो. सशाच्या मादीत अंडमोचन समागमाच्या उद्दीपनाने होते. त्यामुळे दुसऱ्या मादीने अंगावर चढण्यानेही ते घडून येऊ शकते आणि १६ ते १८ दिवस टिकणारी खोटी गर्भावस्था उत्पन्न होते. एकट्या पाळलेल्या मादीने एकाएकी कोपरे उकरण्यास, तोंडात गवत घेऊन फिरण्यास व केस उपटण्यास प्रारंभ केला, तर खऱ्या किंवा खोट्या गर्भावस्थेची शंका घ्यावी. अशा वेळी तिने रचलेले घरटे वारंवार उधळून टाकल्यास तिचे खणणे कमी न होता वाढते.

उष्णता हे खणण्याचे आणखी एक कारण होय. सशाला घामावाटे शरीर थंड ठेवता येत नाही. उष्णता मुख्यतः लांब कानांतील रक्तवाहिन्यांतून बाहेर टाकली जाते. सु. १५° ते २५° से. तापमान त्याला मानवते आणि ३०° से.च्या वर त्याला त्रास होऊ लागतो. विदर्भात एप्रिल व मे महिन्यांत तापमान ४०° से.च्या वर जाते. त्या काळात रांजणाखालची ओल किंवा न्हाणीची कड उकरणारा ससा थंड जमिनीचा शोध घेत असतो. त्याला तेथून हुसकून पत्र्याखालच्या पिंजऱ्यात कोंडल्यास उष्माघाताने तो काही तासांत दगावू शकतो.

दात व कुरतडणे : सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. कृंतक दात वर्षाला सु. १० ते १२ सेंमी. वाढतात. वरच्या जबड्यात मोठ्या कृंतकांच्या मागे खुंटीसारखे लहान कृंतक दातांचे आणखी एक युग्म असते. या व इतर लक्षणांमुळे उंदीर, घूस, खार यांच्यापासून सशांना वेगळे काढण्यात आले. लॅगोमॉर्फा हे नाव योहान फ्रीड्रिख ब्रांट यांनी १८५५ मध्ये दिले आणि जे. डब्ल्यू. गिडली यांनी १९१२ मध्ये या प्राण्यांना स्वतंत्र गणाचा दर्जा दिला. सशाला एकूण २८ दात असतात. त्याला सुळे नसून कृंतक व उपदाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते.

ससा लाकूड कुरतडून दात झिजवतो, हा समज अर्धाच खरा आहे. कृंतक दात एकमेकांवर घासून व वस्तू कापण्याने झिजतात. परंतु मागच्या दाढा झिजण्यासाठी गवत बराच वेळ चघळावे लागते. गवताच्या पेशींत सिलिकेचे कठीण कण असतात आणि ते चघळताना खालचा जबडा आडवा फिरतो. दाणा, भाकरी, पोळी, बिस्किटे व गाजर यांवर वाढविलेल्या सशाच्या दाढा पुरेशा झिजत नाहीत; त्यांना टोके फुटून जीभ व गाल यांना जखमा होतात. अशा सशापुढे लाकूड टाकून उपयोग होत नाही. शिवाय आहारात चोथा कमी पडला की ससा तो दाराच्या चौकटीतून, पुठ्ठ्यातून किंवा गादीतून मिळवू पाहतो. त्यामुळे विघातक कुरतडण्यावरील पहिला उपाय म्हणजे चोवीस तास पुढ्यात राहील इतके वाळलेले गवत देणे हा होय.

धोके : कुरतडण्यात सर्वांत मोठा धोका विजेच्या तारांचा असतो. घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असून तारेवरचे मऊ आवरण सशाचे दात एका चाव्यात कापतात. त्यामुळे विजेचा धक्का बसून ससा मरतो किंवा तोंड भाजते. उघड्या पडलेल्या तारांमुळे घराला आग लागण्याचाही संभव असतो. उन्हाळ्यात जमिनीवर ठेवलेल्या कूलरची वायर या दृष्टीने विशेष धोक्याची ठरते.

सशाला ओकारी होत नाही. गालिच्याचे धागे, पोत्याचे ताग, गादीतील फोम किंवा प्लॅस्टिक गिळले गेल्यास आतड्यात अडथळा निर्माण होतो. चोथ्याचे पचन अंधनालातील सूक्ष्मजीव करतात. ससा खाईनासा झाला की आतड्याची हालचाल मंदावते व हे संतुलन लवकर ढासळते. बारा तासांत ससा काही न खाल्ल्यास व लेंड्या न टाकल्यास ती तातडीची अवस्था समजून पशुवैद्याकडे न्यावे. जुन्या दारे-खिडक्यांच्या तैलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ मध्ये करण्यात आले. त्यापूर्वी रंगविलेले लाकूड सशाला कुरतडू देणे सुरक्षित नाही. अंगणातील कण्हेर, धोत्रा, रुई, एरंड व घाणेरी या वनस्पती विषारी आहेत.

खणण्याची सोय : खणणाऱ्या सशाला खणण्याची एक जागा नेमून देणे हा उपाय सर्वांत परिणामकारक ठरतो. त्यासाठी सु. ६० सेंमी. लांब व ४० सेंमी. रुंद अशी खोल पेटी किंवा घमेल्यापेक्षा मोठे पसरट भांडे घेऊन त्यात १५ ते २० सेंमी. जाडीचा भर घालतात. नुसती काळी माती या कामी उपयोगी पडत नाही. ती ओली झाली की चिकटते व पंजांच्या केसांत तिचे गोळे बसतात, तर वाळली की दगडासारखी कठीण होते. तीत निम्मी धुतलेली नदीची वाळू मिसळल्यास ती भुसभुशीत राहते. धुळीचा त्रास होत असल्यास शाईचा गडद छाप नसलेल्या कागदाच्या पट्ट्या व गवत वापरावे. शेतातील माती घेताना तीत खते, कीटकनाशके किंवा उंदीर मारण्याचे औषध नाही, याची खात्री करावी लागते.

पेटी ससा जेथे उकरतो त्याच कोपऱ्यात प्रथम ठेवतात. ससा जमीन उकरू लागताच त्याला हलकेच पेटीकडे वळवून तेथे उकरल्यावर कोथिंबिरीची काडी देतात. पेटीच्या मातीत अशा काड्या पुरून ठेवल्यास तो स्वतःहून तिकडे जाऊ लागतो. पेटीची सवय लागल्यावर ती दररोज थोडी थोडी सरकवून सोयीच्या जागी नेता येते. ससा मुख्यतः पहाटे व सायंकाळी चपळ असतो. त्या वेळी त्याला तीन-चार तास मोकळे फिरू दिल्यास रात्री पिंजऱ्याचे गज चावणे व तळ उकरणे कमी होते. समूहात राहणारा प्राणी असल्याने दिवसभर एकट्या कोंडलेल्या सशात ही लक्षणे अधिक दिसतात.

सारवलेल्या जमिनीच्या व मातीच्या भिंतींच्या घरात सशाचे उकरणे भिंतीच्या बुडापर्यंत पोहोचू शकते. तेथे भिंतीलगत शहाबादी फरशीचे तुकडे अंथरल्यास पंजांना धरायला जागा मिळत नाही. मात्र सर्व जमीन गुळगुळीत वा खडबडीत कठीण ठेवू नये. मागच्या पायांच्या तळव्यांना जखमा होतात. बसण्याच्या जागी गवत किंवा सतरंजी असावी व तिचे धागे निघत नाहीत ना, हे पाहावे. अंगणात कुंपण करताना कोंबड्यांसाठी वापरतात ती बारीक तारेची जाळी पुरत नाही. ससा ती चावून तोडतो. वेल्ड केलेल्या जाड तारेची, सु. २·५ सेंमी.पेक्षा लहान घरांची व ९० सेंमी. उंच जाळी लावून तिची खालची सु. ३० सेंमी. कड आतल्या बाजूस आडवी वळवून मातीखाली दाबतात. ससा जाळीलगतच उकरू लागतो व आडव्या जाळीवर त्याचे पंजे अडतात.

केवळ कुंपणावर विसंबणे किती अपुरे ठरते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात सापडते. टॉमस ऑस्टिन यांनी १८५९ मध्ये व्हिक्टोरियातील आपल्या जमिनीवर शिकारीसाठी यूरोपीय ससे सोडले आणि काही दशकांतच त्यांनी शेते व कुरणे उद्ध्वस्त केली. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०१ ते १९०७ या काळात सशांना रोखण्यासाठी कुंपणे उभारली गेली. त्यांपैकी पहिल्याची लांबी सु. १,८३० किमी. होती व जाळीची खालची कड जमिनीत पुरली होती. तथापि काम चालू असतानाच ससे त्याच्या पश्चिमेस पोहोचले होते.

कुरतडण्याच्या वस्तू : वाळलेल्या गवताशिवाय तुतीच्या कोवळ्या फांद्या, बांबूचे तुकडे, न रंगविलेली बांबूची टोपली आणि चिकटपट्टी काढलेले पुठ्ठ्याचे खोके या वस्तू द्याव्यात. गवतांपैकी मारवेल चांगले. पडिकातील कुसळी गवत बी धरल्यावर कापलेले असल्यास त्याची टोकदार कुसळे हिरड्यांत व डोळ्यांत रुततात. म्हणून ते देऊ नये. पक्व ज्वारीचा वाळलेला कडबा थोड्या प्रमाणात चालतो, परंतु ज्वारीच्या कोवळ्या किंवा पाण्याअभावी सुकू लागलेल्या हिरव्या धाटांत हायड्रोसायानिक अम्ल निर्माण करणारे द्रव्य असते. सुबाभळीत मिमोसीन हे द्रव्य असल्याने तिचा पाला रोज देणे अपायकारक ठरते. लसूणघासात कॅल्शियम जास्त असते; वाढलेल्या सशाला तो मुख्य आहार म्हणून दिल्यास मूत्रमार्गात खडे होण्याचा संभव असतो.

विजेच्या तारा सशाच्या आवाक्याबाहेर म्हणजे जमिनीपासून सु. एक मीटर उंचीवर न्याव्यात किंवा कठीण प्लॅस्टिकच्या नळीतून घ्याव्यात. टेबला-खाटांच्या पायांना पत्र्याचे वा कठीण नळीचे आवरण घालता येते. वस्तूंवर तिखट, कडू रस किंवा कडुलिंबाचे तेल लावण्याचा उपाय भरवशाचा नाही. कडवट पाला खाणाऱ्या या प्राण्याला त्याची लवकर सवय होते. डांबराच्या गोळ्या किंवा फिनेल यांचा वापर मुळीच करू नये; त्यांपासून विषबाधा होते.

निर्बीजीकरण : वयात आल्यावर, म्हणजे सु. चार ते सहा महिन्यांनंतर, खणणे व कुरतडणे या दोन्ही प्रवृत्ती तीव्र होतात. नराचे वृषण व मादीचे अंडाशय आणि गर्भाशय शस्त्रक्रियेने काढून टाकल्यास त्या पुष्कळ सौम्य होतात. मादीच्या बाबतीत या शस्त्रक्रियेचा दुसरा लाभ अधिक मोठा आहे. चार वर्षांवरील माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो व तो यामुळे टळतो. शस्त्रक्रियेपूर्वी सशाला उपाशी ठेवीत नाहीत. शस्त्रक्रियेनंतरही नरात काही आठवडे प्रजननक्षमता टिकून राहते, म्हणून तेवढा काळ त्याला मादीपासून दूर ठेवतात. ग्रामीण भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यांचे काम मुख्यतः गुरे व शेळ्या-मेंढ्या यांच्याशी निगडित असते आणि सशाला भूल देणे हे वेगळ्या अनुभवाचे काम आहे; ते त्यातील जाणकाराकडूनच करून घ्यावे. धनजसारख्या गावाला अकोला येथील पदव्युत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आणि नागपूर येथील पशुवैद्यक महाविद्यालय ही या विषयाची जवळची शिक्षणकेंद्रे होत.

शिक्षा व तिचे परिणाम : सशाला मारणे, त्याच्या तोंडावर फुंकर वा पाणी मारणे, कान धरून उचलणे हे उपाय निरुपयोगी व क्रूर आहेत. ससा हा भक्ष्य प्राणी असल्याने शिक्षेचा संबंध तो कुरतडलेल्या वस्तूशी न जोडता माणसाशी जोडतो व माणसाला भिऊ लागतो. त्याचा सांगाडा फार हलका, शरीराच्या वजनाच्या सु. ७ ते ८ टक्के, तर मागच्या पायांचे स्नायू फार बळकट असतात. घाबरून त्याने जोराची लाथ झाडल्यास त्याचाच कणा मोडतो व मागचे पाय कायमचे लुळे पडतात. वाढलेले दात नखे कापण्याच्या कात्रीने तोडण्याची रीतही घातक आहे. दात उभे चिरतात व मुळाशी पू होतो. लाळ गळणे, हनुवटी सतत ओली राहणे, एरवी कुरतडणाऱ्या सशाने एकाएकी कुरतडणे सोडणे ही दातांच्या दुखण्याची लक्षणे होत. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम पाळीव सशालाही लागू आहे.

घरात मोकळा ससा पाळण्याची पद्धत अलीकडची आहे. मॅरिनेल हॅरिमन यांचे या विषयावरील पुस्तक १९८५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात हाऊस रॅबिट सोसायटी ही संस्था स्थापन झाली. तोवर ससा हा बहुधा मांस, लोकर वा प्रयोगशाळा यांसाठी पिंजऱ्यात ठेवण्याचा प्राणी मानला जाई. पिंजऱ्यात या प्रवृत्ती नाहीशा होत नाहीत, फक्त नजरेआड होतात; गज चावणे व तळ उकरत राहणे ही त्यांचीच विकृत रूपे होत.

नुकसानीला कंटाळून ससा शेतात किंवा रानात सोडून देण्याची प्रवृत्ती आढळते. पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या, विशेषतः पांढऱ्या सशाला तेथे लपता येत नाही. कुत्री, मांजरे, मुंगूस, कोल्हे व शिकारी पक्षी त्याला लवकरच मारतात. काळ्या जमिनीत त्याने बीळ खणले तरी ती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे ते टिकत नाही. रानसशांच्या सान्निध्यात रोगप्रसाराचाही संभव असतो. पाळीव ससा योग्य संगोपनाने ८ ते १२ वर्षे जगतो व या सर्व काळात त्याचे दात वाढत राहतात. त्यामुळे ससा घरी आणण्यापूर्वीच वाळलेले गवत, खणण्याची पेटी, झाकलेल्या तारा व उन्हाळ्यातील थंड जागा यांची तजवीज करणे आवश्यक असते.